मराठी चित्रपटातील मनोरुग्ण आणि औषध : 'देवराई'चा पुनर्विचार

प्रास्ताविक

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांनी दिग्दर्शित केलेला 'देवराई' हा चित्रपट २००४ सालचा. स्किझोफ्रेनियाने ग्रस्त झालेला शेष देसाई, त्याचा सांभाळ करणारी बहीण सीना, शेषच्या मनात खोल रुतून बसलेली नात्यातील कल्याणी आणि कोकणातील गावाची देवराई यांच्या परस्परसंबंधांतून या चित्रपटाचे कथानक उभे राहते. अतुल कुलकर्णी, सोनाली कुलकर्णी व देविका दफ्तरदार यांच्या अभिनयाची त्या काळी बरीच चर्चा झाली. पर्यावरण-संरक्षणविषयक चित्रपट म्हणून 'देवराई'ला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. ही शेवटची नोंद मला नेहमीच काहीशी चकित करते. मनोविकारावर इतक्या आस्थेने केलेल्या चित्रपटाचा गौरव व्हावा तो वनसंरक्षणासाठी! देवराईचा ऱ्हास हा त्यातील दुय्यम विषय नाही, हे मान्य केले पाहिजे. तरीही आजाराकडे पाहण्यापेक्षा आजाराच्या प्रतिमेकडे पाहणे आपल्या समीक्षाव्यवहाराला अधिक सोयीचे वाटते, याची साक्ष या पुरस्कारातून मिळते असे म्हणण्यास जागा आहे.

प्रस्तुत लेखकाने एम.फिल.साठी सादर केलेल्या प्रबंधिकेतही वेगळे काही केले नव्हते. तेथे मी देवराईला शेषच्या नेणिवेची प्रतिमा ठरविले. कुऱ्हाड न लागलेली झाडे, एकमेकींत गुंतलेल्या वेली आणि माणसाला मज्जाव करणारा गाभा यांची सांगड त्याच्या विचारांच्या गुंत्याशी घातली. ती मांडणी आजही मला सर्वस्वी चुकीची वाटत नाही. परंतु त्या संपूर्ण प्रबंधिकेत 'औषध' हा शब्द बहुधा दोनदा आला असेल, आणि तोही कथानकाचा सारांश देताना.

या दुर्लक्षाची जाणीव एका विद्यार्थिनीने करून दिली. पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला हा चित्रपट दाखविला होता. देवराई हा शब्दच सह्याद्रीच्या बाजूचा असल्याने तो आधी समजावून सांगावा लागला; त्यातच अर्धा तास गेला. प्रतिमा, प्रतीक, निवेदनतंत्र असे सगळे फळ्यावर लिहून झाल्यावर धडगावकडील एका मुलीने विचारले, "सर, त्याच्या गोळ्या संपल्यावर आणायला कोण जातं?" वर्ग हसला. मीही, हा चित्रपटाचा विषय नव्हे, असे काहीसे उत्तर देऊन पुढे गेलो. पुढे कितीतरी दिवस तो प्रश्न मनातून गेला नाही. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर होय.

'देवराई'च्या आधी

आपल्या साहित्यात आणि रंगभूमीवर वेडाला फार मोठे स्थान आहे. औषधाला मात्र जवळजवळ नाही. जयवंत दळवी यांचे 'बॅरिस्टर' हे नाटक पाहावे. घराण्यात वेड आहे आणि ते आपल्यालाही गाठणार, या भयाने बॅरिस्टर आतून पोखरला जातो, आणि अखेरीस तेच घडते. वेड येथे नियती होऊन येते. नाटकाचा पडदा पडतो तेथे रुग्णाचे आयुष्य सुरू होत असते, परंतु त्या आयुष्यात नाटकाला रस नाही. अर्थात या नाटकाचा काळ लक्षात घेता त्यात औषध नसणे स्वाभाविकच आहे. क्लोरप्रोमाझिन या पहिल्या प्रभावी औषधाचा मनोरुग्णांवर वापर सुरू झाला तो १९५२ साली, पॅरिसमध्ये. त्यापूर्वी जगभरच्या मनोरुग्णालयांकडे कोंडून ठेवणे, विजेचे झटके आणि इन्सुलिनने आणलेली मूर्च्छा यांपलीकडे फारसे काही नव्हते. (याच संदर्भात सर्पगंधेची आठवण ठेवायला हवी. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी या वनस्पतीचा उन्मादावरील व रक्तदाबावरील उपयोग १९३१ सालीच नोंदविला होता, आणि तिच्यापासून वेगळे काढलेले रिसर्पिन १९५०च्या दशकात पाश्चात्त्य मनोरुग्णालयांत क्लोरप्रोमाझिनच्या बरोबरीने वापरले गेले. आपल्या रानातील मुळी पॅरिस-न्यूयॉर्कपर्यंत गेली. आपल्या कथा-कादंबऱ्यांत मात्र आली नाही.)

औषध उपलब्ध झाल्यानंतरच्या कलाकृतींतही फारसा फरक पडला नाही. 'खामोशी' या १९६९ सालच्या गाजलेल्या हिंदी चित्रपटात रुग्ण बरा होतो तो परिचारिकेच्या प्रेमाने, आणि त्या प्रेमाची किंमत म्हणून ती परिचारिका स्वतःच वेडी होते. प्रेम हेच औषध, हा संकेत इतका घट्ट आहे की पुढच्या कित्येक चित्रपटांनी तो प्रश्न न विचारता उचलला. यामागील कारण केवळ अज्ञान नव्हे. कथेला घटना लागते: भ्रमाचा झटका, पळून जाणे, ओळख पटणे, मिठी. मनोविकारावरील औषध ही घटना नाही. तो काळ आहे. नैराश्यावरची गोळी सुरू केल्यावर तिचा परिणाम दिसू लागण्यास दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागतो. मात्र तिचे त्रासदायक परिणाम पहिल्या दिवसापासून जाणवतात. स्किझोफ्रेनियाची औषधे वर्षानुवर्षे घ्यावी लागतात, आणि ती घेतल्याने 'काही घडत नाही' हेच त्यांचे यश असते. न घडणाऱ्या गोष्टीचे दृश्य कसे लिहायचे, ही खरोखरच अवघड कलात्मक समस्या आहे.

बहिणीच्या हातातील औषध

'देवराई'चे वेगळेपण या पार्श्वभूमीवर नीट दिसते. 'बॅरिस्टर' जेथे संपते तेथून 'देवराई' सुरू होतो, असे ढोबळमानाने म्हणता येईल. शेषचा आजार हा चित्रपटाचा शेवट नाही. गावाकडून त्याला बहिणीच्या घरी आणले जाते, उपचार सुरू होतात, आणि मग प्रश्न उरतो तो त्या घराने या माणसासह कसे राहायचे हा.

हे कसे शक्य झाले याचे उत्तर चित्रपटाच्या निर्मितीत सापडते. या निर्मितीमागे डॉ. जगन्नाथ वाणी यांचे पाठबळ होते. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे अध्यापन केलेले डॉ. वाणी मूळचे धुळ्याचे. त्यांच्या पत्नी दीर्घकाळ स्किझोफ्रेनियाने आजारी होत्या, आणि या अनुभवातूनच त्यांनी पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' ही रुग्ण व त्यांच्या आप्तांसाठीची संस्था उभी केली. २०१७ साली त्यांचे निधन झाले. नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. म्हणजे आमच्याच जुन्या जिल्ह्यातील एका माणसाच्या घरातील दुःख या चित्रपटाच्या मुळाशी आहे, आणि तरीही आमच्या महाविद्यालयांतून तो 'कोकणचा चित्रपट' म्हणून शिकविला जातो. मीही तसाच शिकविला. दुसरीकडे सुमित्रा भावे यांची घडण समाजकार्याच्या क्षेत्रातील. झोपडवस्तीतील स्त्रीवरच्या 'बाई' या १९८५ सालच्या लघुपटापासून माणसांशी बोलून, माहिती गोळा करून मग पटकथा लिहिण्याची त्यांची रीत होती. घरातील रुग्ण सांभाळणाऱ्या माणसाची नजर आणि समाजकार्यातील नोंदी ठेवण्याची शिस्त या दोहोंच्या मेळातून 'देवराई'तील घर आकारास आले आहे.

म्हणूनच त्यातील सर्वांत खरी व्यक्तिरेखा, माझ्या मते, शेषची नसून सीनाची आहे. भावाविषयीची माया, नवऱ्यापुढील संकोच, स्वतःच्या संसारावर पडणारा ताण, आणि आपणच काही चुकलो का ही टोचणी हे सारे सोनाली कुलकर्णी यांनी फार संयमाने दाखविले आहे. मराठी चित्रपटातील बहीण ही बहुधा राखी बांधणारी किंवा सासरी रडणारी असते. येथे ती रुग्णाची पालक आहे, डॉक्टरांशी बोलणारी आहे, घरातील वेळापत्रक बदलणारी आहे. औषधोपचार म्हणजे डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातील व्यवहार, ही समजूत चित्रपट मोडतो. भारतात तो बहुतांशी घरातील एका व्यक्तीच्या डोक्यावरचा भार असतो, आणि ती व्यक्ती बहुधा स्त्री असते. डबीत गोळ्या मोजणे, जीभ वर करून 'गिळली ना' हे पाहणे, पाहुण्यांसमोर पाकीट लपविणे, लग्नाच्या बोलणीच्या वेळी काय सांगायचे ते ठरविणे ही कामे कोणत्याही औषधाच्या पाकिटावर लिहिलेली नसतात.

मात्र येथेच 'देवराई'ची मर्यादाही आहे, आणि माझ्या जुन्या प्रबंधिकेत ती मला दिसली नव्हती.

औषध घेणाऱ्याची बाजू

शेषच्या मनात हा चित्रपट धीटपणे शिरतो. त्याचे भास, त्याच्या आठवणी, देवराईविषयीचा त्याचा ध्यास हे सारे आपण त्याच्या बाजूने पाहतो. औषधाचा प्रश्न आला की मात्र दृष्टिकोन हलतो. आपण आप्तांच्या आणि डॉक्टरांच्या बाजूला जाऊन उभे राहतो. भ्रम कसा असतो हे शेष आपल्याला दाखवितो, परंतु गोळी घेतल्यावर कसे वाटते हे तो सांगत नाही. आजार त्याचा आणि औषध इतरांचे, अशी ही विभागणी आहे. पालकांच्या अनुभवातून जन्मलेल्या कलाकृतीत असे व्हावे हे समजण्यासारखे आहे, परंतु त्यामुळे एक फार मोठा अनुभवप्रदेश पडद्याबाहेर राहतो.

तो प्रदेश कोणता? हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनी हात थरथरतात, चेहरा ताठर होतो, पाय एका जागी ठरत नाहीत. त्यासाठी ट्रायहेक्सिफेनिडिलची आणखी एक गोळी द्यावी लागते, आणि तिने तोंड कोरडे पडते. ओलान्झापिनसारख्या नव्या औषधांनी वजन वाढते, रक्तातील साखर वाढते, सकाळी डोळा उघडत नाही. काही औषधांनी स्त्रियांची पाळी बिघडते, पुरुषांची कामेच्छा मंदावते. याविषयी रुग्ण डॉक्टरांशी बोलत नाही आणि डॉक्टर विचारत नाहीत. क्लोझापिन सुरू असेल तर पांढऱ्या पेशी घटत नाहीत ना हे पाहण्यासाठी नियमित रक्त तपासावे लागते. हे सारे सोसून माणूस गोळी घेतो, कारण न घेतल्यास काय होते हे त्याने पाहिलेले असते. आणि एखाद्या दिवशी तो ती घेत नाही, कारण बरे वाटत असते. बरे वाटणे हेच औषध सोडण्याचे सर्वांत मोठे कारण व्हावे, यात जी शोकांतिकेची बीजे आहेत ती एखाद्या नाटककाराला अजून का दिसली नाहीत याचे मला नवल वाटते. २०१२ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणानुसार स्किझोफ्रेनियाचे औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी सुमारे २७ टक्के रुग्णांचा आजार वर्षभरात उलटला. औषधाऐवजी निष्क्रिय गोळी दिलेल्यांमध्ये हे प्रमाण ६४ टक्के होते. हे आकडे औषधाच्या बाजूचे आहेत, यात शंका नाही. पण त्यांतच हेही दडलेले आहे की औषध घेऊनही काहींचा आजार उलटतो आणि न घेताही काहींचा त्या वर्षात उलटत नाही. रुग्ण जगतो तो या अनिश्चिततेत.

ही अनिश्चितता कलाकृतीने दाखवावी की लपवावी? येथे 'अ ब्युटिफुल माइंड' या २००१ सालच्या अमेरिकन चित्रपटाचे उदाहरण उपयुक्त ठरेल. आपल्याकडील अनेक प्राध्यापकांनी तो पाहिलेला असतो. गणितज्ञ जॉन नॅश यांच्या आयुष्यावरील या चित्रपटाच्या उत्तरार्धात, १९९४च्या नोबेल पुरस्काराच्या सुमारास, नॅश आपण नवी औषधे घेत असल्याचे सांगतात. प्रत्यक्षात नॅश यांनी १९७० नंतर औषधे घेतली नव्हती. चित्रपट पाहून रुग्णांनी औषधे सोडू नयेत, या काळजीपोटी हा बदल करण्यात आला. हेतू चांगला होता. परंतु ज्या माणसाचे चरित्र सांगायचे त्याच्याच तोंडी त्याने न घेतलेले औषध घालणे, हे चरित्रकथनाच्या दृष्टीने लहान अपराध नव्हे. औषधाविषयी बोलताना कलावंतही किती दबावाखाली असतो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही. त्याच्या जागी मी असतो तर? तेच केले असते, असे मला वाटते, आणि या उत्तराने मी स्वतःही समाधानी नाही.

याच्या उलट टोकाला 'अ ड्रॉप ऑफ सनशाइन' हा अपर्णा सन्याल यांचा २०११ सालचा माहितीपट आहे. स्किझोफ्रेनियाचे निदान झालेल्या, आणि पुढे औषधांचा मार्ग बाजूला ठेवून स्वतःच्या पद्धतीने आजाराशी जुळवून घेणाऱ्या पुण्यातील रेश्मा वल्लियप्पन यांची ही कहाणी. म्हणजे ज्या पुण्यात 'देवराई'ला पाठबळ देणारी चळवळ उभी राहिली त्याच पुण्यात, सात वर्षांनी, औषध घेणारी व्यक्तीच कॅमेऱ्यासमोर येऊन 'माझे मी ठरवीन' असे सांगते. हा माहितीपट पाहून कोणी चालू औषध एकाएकी बंद केले तर ते घातक ठरेल, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. औषध कमी करणे हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने करण्याचे काम आहे. तरीही ही कहाणी मोलाची आहे, कारण शेषला जे बोलता आले नाही ते येथे बोलले जाते. दोन्ही चित्रपट एकाच वर्गात, एकापाठोपाठ दाखविले जावेत. एकटा 'देवराई' दाखविल्यास विद्यार्थी रुग्णाकडे केवळ दयेने पाहतील. एकटा माहितीपट दाखविल्यास औषध म्हणजे बंधन, एवढाच अर्थ घेऊन उठतील.

कायद्याने या बाबतीत कलेच्या पुढे पाऊल टाकले आहे, असे म्हटल्यास आश्चर्य वाटेल. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अंमलात आला. त्याच्या कलम ५ नुसार, पुढे आजार बळावल्यास आपल्यावर कोणते उपचार व्हावेत व कोणते होऊ नयेत हे प्रौढ व्यक्तीला आधीच लिहून ठेवता येते. कलम १४ नुसार आपल्या वतीने निर्णय घेणारा प्रतिनिधी तिला स्वतः नेमता येतो. शेषची कथा आज लिहिली गेली तर सीना केवळ बहीण म्हणून नव्हे, तर शेषने निवडलेली प्रतिनिधी म्हणून त्याच्या शेजारी बसू शकेल. किंवा शेष दुसऱ्याच कोणाला निवडील, आणि मग त्या घरात जे घडेल तो वेगळा चित्रपट होईल.

'कासव' : औषधाचे मागे सरणे

'देवराई'नंतर एका तपाने याच दिग्दर्शकांनी 'कासव' केला. ६४व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. आत्महत्येच्या उंबरठ्यावर आलेला एक तरुण आणि स्वतः नैराश्यातून गेलेली जानकी यांची ही कथा समुद्रकाठच्या कासवांच्या संवर्धनाशी जोडलेली आहे. हा अतिशय सुंदर चित्रपट आहे, आणि त्याविषयी तक्रार करणे काहीसे कृतघ्नपणाचे वाटते. परंतु एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. डॉ. मोहन आगाशे हे प्रत्यक्षात मानसोपचारतज्ज्ञ व या विषयाचे नामवंत अध्यापक. 'कासव'मध्ये मात्र ते कासवांची अंडी राखणारे दत्ताभाऊ होऊन येतात. निवडीमागे असा काही विचार असेलच असे नाही, तथापि तिचा अर्थ लागतो. चित्रपटाचा भर आहे तो काही न विचारता दिलेल्या आसऱ्यावर, मोकळ्या जागेवर, सोबतीवर. गोळी येथे मध्यभागी नाही. नैराश्यातून बाहेर पडण्यास असा आसरा लागतो, हे खरेच. पण प्रेम हेच औषध हा 'खामोशी'चा जुना संकेत अधिक प्रगल्भ, अधिक शांत रूपात परत आला की काय, अशी शंका मला येते. समुद्रकाठचे रिकामे घर, मोटार, चालक आणि वेळ असलेली जानकी प्रत्येकाला भेटत नाही. ग्रामीण रुग्णालयातील गोळी, ती वेळेवर मिळाली तर, अधिक लोकांपर्यंत पोहोचू शकते.

नंदुरबारहून पाहताना

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येतो. गोळ्या संपल्यावर आणायला कोण जातं? 'देवराई'मध्ये हा प्रश्न उद्भवत नाही, कारण शेषला बहिणीच्या घरी आणले जाते. तेथे डॉक्टर आहेत, दुकान आहे, रस्ता आहे. म्हणजे गावापासून उपचारापर्यंतचे अंतर कथानक एका प्रवासात संपविते. अक्राणी किंवा अक्कलकुवा तालुक्यातील रुग्णाला ते अंतर दर महिन्याला कापावे लागते. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड कोसळली की वाट बंद होते. नर्मदेच्या फुगवट्यातील गावांसाठी तर तरंगता दवाखाना चालवावा लागला. राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. खानदेशात त्यांपैकी एकही नाही. उपरोक्त अधिनियमाच्या कलम १८ नुसार आवश्यक औषधांच्या यादीतील मनोविकारावरील औषधे ग्रामीण रुग्णालयाच्या स्तरापासून वर, सर्व काळ, मोफत मिळाली पाहिजेत. 'सर्व काळ' हे शब्द कायद्यातील आहेत, आणि ते मला कोणत्याही कवितेइतके महत्त्वाचे वाटतात.

या प्रश्नाचा नेमका आकार किती, हे सांगणारी पाहणीही आपल्या भागात झालेली नाही. 'निम्हान्स'ने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्ये होती. त्यांत गुजरात होते, मध्य प्रदेश होते, महाराष्ट्र नव्हते. नंदुरबारच्या सीमा ज्या दोन राज्यांना भिडतात ती दोन्ही मोजली गेली, मधला हा कोपरा राहिला. त्या सर्वेक्षणात निरनिराळ्या विकारांच्या बाबतीत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना असल्याचे आढळले होते. २०११च्या जनगणनेनुसार ६९ टक्क्यांहून अधिक आदिवासी लोकसंख्या असलेल्या या जिल्ह्यात चित्र याहून बरे असेल असे मानण्यास आधार दिसत नाही.

त्यातच स्थलांतर. खानदेशातील मजूर ऊसतोडीसाठी बारडोलीकडे जातात, हे यान ब्रेमन यांनी १९७०च्या दशकातच अभ्यासून लिहून ठेवले आहे. दिवाळीनंतर निघालेली टोळी उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते. या काळात महिन्याच्या औषधाचे काय होते? लिथियमचे उदाहरण घेऊ. उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या विकारावर हे अत्यंत गुणकारी औषध आहे. परंतु त्याची रक्तातील उपकारक मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे. शरीरातील पाणी व मीठ घटले की रक्तातील लिथियम वाढते. अंगदुखीवर दुकानातून सहज घेतली जाणारी डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारखी गोळीही ते वाढवू शकते. दिवसभर उन्हात कोयता चालविणारा, घामाने निथळणारा आणि रात्री अंग दुखते म्हणून मुकादमाकडून गोळी मागून घेणारा माणूस डोळ्यांसमोर आणावा. त्याच्यासाठी 'औषध नियमित घ्या' हा सल्ला अपुरा आहे. पाणी किती प्यावे, कोणती दुखण्याची गोळी टाळावी, रक्त कोठे तपासावे आणि तोडीवर असताना पुढच्या महिन्याचे पाकीट कोणाकडे मागावे, हे त्याला त्याच्या बोलीत सांगणारे कोणी हवे. आमचे बहुतेक विद्यार्थी भिली, पावरी, मावची अशा बोली बोलत वाढलेले आहेत. 'स्किझोफ्रेनिया' तर सोडाच, 'छिन्नमनस्कता' हा आपला मराठी पारिभाषिक शब्दही त्यांच्या घरात परकाच.

घरात जे शब्द आहेत ते बाधेचे, करणीचे, आणि सातपुड्यात स्त्रीच्या वाट्याला येणारा सर्वांत भयंकर शब्द, डाकीण. या शब्दाविरुद्ध अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी येथे जे काम केले आहे ते मोठे आहे. तरीही भगत आणि गोळी यांना परस्परांचे शत्रू मानणारी आपली शहरी समज मला पुरेशी वाटत नाही. गुजरातेतील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून 'दवा-दुवा' नावाचा उपक्रम चालविला गेला. दर्ग्याच्या आवारातच डॉक्टर बसले आणि मुजावर रुग्णांना त्यांच्याकडे पाठवू लागले. त्यापूर्वी, ६ ऑगस्ट २००१ रोजी, तामिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत मृत्युमुखी पडले होते. श्रद्धास्थानापासून रुग्णाला ओढून नेण्यापेक्षा औषध तेथे नेणे, ही कल्पना त्या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागते. देवराईत देव असतो म्हणून झाड तोडले जात नाही. त्याच देवाच्या अंगणात गोळी ठेवता येईल का, हा प्रश्न 'देवराई'तून विचारला गेला नाही. प्रतिमेचे सगळे साहित्य मात्र हाताशी होते.

त्या विद्यार्थिनीने सत्राच्या अखेरीस 'देवराई'वर स्वाध्याय लिहून दिला. त्यात प्रतिमा, प्रतीक काहीही नव्हते. पहिल्या पानावर तिने सीनाच्या व्यक्तिरेखेविषयी चार-पाच वाक्ये लिहिली होती. दुसऱ्या पानावर स्वतःच्या मोठ्या भावाविषयी लिहिले होते: तो बारडोलीकडे तोडीला गेला तेव्हा गोळ्या कोणी नेल्या, दोन महिन्यांनी टोळीतल्या कोणाचा फोन आला, त्याला परत आणायला कोण गेले. महिन्यातून एकदा गोळ्यांसाठी धडगावहून नंदुरबारला यायचे तर गाडीभाडे किती, बुडालेली मजुरी किती, आणि आई आली तर शेळ्या कोण सांभाळणार, याचा हिशेबही तिने मांडला होता. हल्ली ती स्वतःच गोळ्या नेते. महाविद्यालयात असल्यामुळे ते सोपे पडते, असे तिने लिहिले होते. तिची पदवी पुढच्या वर्षी पूर्ण होईल. त्यानंतर कोण नेणार, याविषयी स्वाध्यायात काही नव्हते. त्याला गुण किती द्यावेत हे ठरविण्यास मला दोन दिवस लागले.